आयपी पत्त्यांची यादी एक्सेलमध्ये नीट कशी ठेवायची

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या किंवा सीसीटीव्हीच्या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींना सुरुवातीलाच एक काम हमखास मिळतं: "सगळ्या मशीनचे आयपी एका शीटमध्ये भरून ठेव." आयपी म्हणजे नेटवर्कवरचा त्या-त्या मशीनचा पत्ता. सोसायटीची कचेरी असो, उद्यमबागेतला कारखाना असो की शाळेची कॉम्प्युटर लॅब, काम हेच असतं. पत्ता टाकायचा, पुढे मशीनचं नाव लिहायचं, फाइल सेव्ह करायची. मग पावसाळ्यात वीज कडाडून एखाद्या शाखेतला स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथे जोडतात ती पेटी) जातो, नवा बसवावा लागतो, आणि त्या रात्री ती यादी उघडली जाते. तेव्हा दोन मशीनपुढे एकच पत्ता सापडतो, तीन मशीनपुढे नुसतं "२०.१" दिसतं, आणि नुकताच बदललेला प्रिंटर यादीत नसतोच.

यादी बिघडते त्याला बहुतेक वेळा शीटच कारण असतं. एक्सेलला आयपी पत्ता म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याला आकडा कळतो, तारीख कळते, वेळ कळते, आणि उरलेलं सगळं त्याच्या लेखी नुसती अक्षरं. त्यामुळे पत्ता कुठे अक्षरं म्हणून ठेवायचा आणि कुठे आकडे म्हणून वापरायचा, हे आपणच ठरवून द्यावं लागतं.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आकडे आणि फॉर्म्युले देवनागरीत छापले आहेत. शीटमध्ये मात्र आकडे इंग्रजीच टाकायचे आणि फंक्शनची नावंही इंग्रजी अक्षरांतच लिहायची. आपल्याकडे एकाच कचेरीत मराठी, कानडी आणि इंग्रजी असे तिन्ही कीबोर्ड चालू असतात. मोबाइलवरून शीट भरताना एखाद्याचा मराठी कीबोर्ड देवनागरी १९२ टाकतो, दुसऱ्याचा कानडी आकडे टाकतो. डोळ्यांना अर्थ तोच लागतो, पण शोध घेताना ती वेगळी अक्षरं ठरतात आणि पत्ता सापडत नाही. पत्त्याच्या कॉलमपुरता इंग्रजी कीबोर्ड, हा नियम सगळ्यांना सांगून ठेवा.

पत्त्याबद्दल कामापुरतं

आपण रोज वापरतो तो आयपी पत्ता म्हणजे चार आकडे आणि मध्ये तीन टिंबं. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या आतला. ही चौथी आवृत्ती १९८१ पासूनची आहे आणि तिच्यात एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात. ते सगळ्या जगाला पुरत नाहीत, म्हणून घरच्या आणि कचेरीच्या आतल्या वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. यादीत बहुतेक पत्ते यांतलेच असतील.

आणखी दोन पट्टे ओळखीचे असू द्या. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे. असा पत्ता यादीत भरू नका, आधी केबल आणि राउटर तपासा. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटून देते आहे. अशा जोडणीवर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) बाहेरून थेट उघडता येत नाही, मग राउटरमध्ये पोर्ट (आत येण्याच्या वाटा) कितीही उघडा. हे आधी कळलं तर निम्मा दिवस वाचतो.

पहिली पायरी: पूर्ण पत्ता आणि तोही टेक्स्ट म्हणूनच

शीट रिकामं असतानाच पत्त्याचा कॉलम निवडा आणि फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन टेक्स्ट करा. आधी भरून मग टेक्स्ट केलं तर जे बिघडलं ते परत येत नाही.

पूर्ण पत्ता, म्हणजे १९२.१६८.२०.१०, टाकला तर आपल्याकडच्या सेटिंगमध्ये एक्सेल त्याला सहसा धक्का लावत नाही, कारण तीन टिंबांचा आकडा त्याला माहीत नाही. घोटाळा होतो तो आळसाने. समजा सोसायटीची मुख्य कचेरी टिळकवाडीत आहे आणि शाखा खानापूर व निपाणीला. पत्त्यातला तिसरा आकडा शाखेप्रमाणे ठेवला आहे: टिळकवाडी १०, खानापूर २०, निपाणी ३०. सगळ्यांचं १९२.१६८ सारखंच, मग ते कशाला लिहायचं, म्हणून यादी भरणारा नुसतं शेवटचं जोडपं लिहितो. खानापूरच्या राउटरपुढे २०.१, डीव्हीआरपुढे २०.१०, प्रिंटरपुढे २०.१००. एंटर दाबलं की एक्सेल या तिन्हींना दशांश अपूर्णांक समजतं आणि शेवटची शून्यं काढून टाकतं. तिन्ही सेलमध्ये २०.१ उरतं. कुठे लाल खूण नाही की सूचना नाही. गूगल शीट्समध्येही हेच होतं. नंतर कुणालाही त्या तीन मशीनचे खरे पत्ते त्या फाइलमधून काढता येणार नाहीत, कारण माहितीच पुसली गेली आहे. म्हणून पत्ता नेहमी पूर्ण लिहायचा, चारही आकडे, प्रत्येक ओळीत.

मास्क लिहितानाही असंच होतं. मास्क म्हणजे नेटवर्कचा आकार, तो आपण २४, २६, २९ असा तिरक्या रेघेनंतर लिहितो. कुणी घाईत नुसतं "१/२४" टाकलं तर सेलमध्ये जानेवारी २०२४ उभं राहतं. मास्कसाठी वेगळा कॉलम करा आणि त्यात रेघ न देता नुसता आकडा लिहा.

सेलचा कोपरा धरून खाली ओढलं की एक्सेल पत्त्याचा शेवटचा आकडा एकेकाने वाढवत जातं. रिकामी यादी तयार करायला ही सोय फार चांगली आहे. फक्त ते २५५ वर थांबत नाही, २५६, २५७ असं पुढे जात राहतं, तेव्हा कुठे थांबायचं ते आपण बघायचं.

दुसरी पायरी: ओळीत काय काय हवं

ए कॉलममध्ये पत्ता. बी ते एफ हे पाच कॉलम रिकामे सोडा, ते पुढच्या पायरीत लागतील. त्यानंतर उपकरण, शाखा, जागा, मॅक ॲड्रेस (मशीनच्या नेटवर्क कार्डाची बारा अक्षरी ओळख), पत्ता कसा दिला, तपासल्याची तारीख आणि शेरा.

"पत्ता कसा दिला" या कॉलमकडे नवी माणसं दुर्लक्ष करतात, आणि मला तर तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. मशीनमध्ये हाताने टाकलेला स्थिर पत्ता, राउटरमध्ये त्या मशीनसाठी राखून ठेवलेला पत्ता, आणि राउटरने त्या वेळेपुरता दिलेला पत्ता, असे तीन प्रकार. तिसऱ्या प्रकारचा पत्ता आज खरा असतो, पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याच मशीनकडे असू शकतो. त्यामुळे तपासल्याची तारीख नसेल तर त्या ओळीवर भरवसा ठेवता येत नाही. डीव्हीआर, प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी मशीन आणि सर्व्हर यांना स्थिर किंवा राखीव पत्ताच द्या.

शाखेचं नाव मोकळं लिहायला देऊ नका. एकाच शीटमध्ये बेळगाव, बेळगांव, बेलगाम, बेळगावी अशी नावं येतात, इंग्रजीत दोन स्पेलिंगं, आणि एखाद्या ओळीत कानडी. फिल्टर लावला की निम्म्या ओळी गायब. प्रत्येक शाखेला दोन-तीन अक्षरांचा एक कोड द्या, तो डेटा व्हॅलिडेशनमध्ये यादी म्हणून बसवा, म्हणजे भरणाऱ्याला फक्त निवडावं लागेल. "जागा" हा कॉलम मात्र मोकळा ठेवा आणि तिथे माणसाला समजेल असं लिहा: "वरचा मजला, लॉकर खोलीच्या दारावर". रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन कॅमेरा शोधणाऱ्याला याचाच उपयोग होतो.

तिसरी पायरी: चार तुकडे आणि एक मोठा आकडा

टेक्स्ट म्हणून ठेवलेला पत्ता सुरक्षित राहतो, पण त्याचा क्रम लावता येत नाही. एक्सेल अक्षराअक्षराने तुलना करतं, त्यामुळे १९२.१६८.२०.१०० हा पत्ता १९२.१६८.२०.२ च्या आधी येतो. यादीत कुठला पत्ता मोकळा आहे ते शोधणं मग कठीण होतं. उपाय असा की मूळ पत्त्याला हात न लावता शेजारी त्याचे चार तुकडे करायचे आणि त्यांचा एक आकडा बनवायचा.

गूगल शीट्समध्ये हे फार सोपं आहे. बी२ मध्ये =स्प्लिट(ए२,".") लिहिलं की बी, सी, डी, ई या चार सेलमध्ये चार आकडे येऊन बसतात. नव्या एक्सेलमध्ये टेक्स्टस्प्लिट हे फंक्शन आहे, पण ते तुकडे टेक्स्ट म्हणून देतं, तेव्हा =टेक्स्टस्प्लिट(ए२,".")*१ असं लिहा, म्हणजे ते आकडे होतील.

आपल्याकडच्या बऱ्याच कचेऱ्यांत अजून जुनं एक्सेल आहे. तिथे डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स वापरता येतं: डिलिमिटेड निवडा, अदरच्या चौकटीत टिंब द्या. शेवटच्या पानावर डेस्टिनेशन बी२ करायला विसरू नका. नाहीतर तुकडे मूळ पत्त्यावरच पडतात आणि ए कॉलममध्ये नुसतं १९२ उरतं. शिवाय हे एकदाच होतं, नंतर पत्ता बदलला तर तुकडे जुनेच राहतात. म्हणून मी जुन्या एक्सेलमध्येही फॉर्म्युलाच सुचवतो:

=ट्रिम(मिड(सब्स्टिट्यूट(ए२,".",रिप्ट(" ",२०)),१,२०))*१

हा बी२ साठी (रिप्ट म्हणजे इंग्रजीत आर-ई-पी-टी). सी२ मध्ये तोच फॉर्म्युला, फक्त १ च्या जागी २१. डी२ मध्ये ४१ आणि ई२ मध्ये ६१. यात प्रत्येक टिंबाच्या जागी वीस मोकळ्या जागा घातल्या जातात, त्यामुळे चार आकडे एकमेकांपासून लांब जातात. मग वीस-वीस अक्षरांचे तुकडे उचलले की प्रत्येक तुकड्यात एकच आकडा सापडतो, ट्रिम भोवतालच्या मोकळ्या जागा काढतं आणि एकने गुणल्यावर तो खरा आकडा होतो. एकदा समजून घेतलंत तर हा फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही.

आता एफ२ मध्ये पूर्ण पत्त्याचा एक आकडा:

=बी२*१६७७७२१६+सी२*६५५३६+डी२*२५६+ई२

गुणक कुठून आले? प्रत्येक जागी २५६ किमती असू शकतात, म्हणून शेवटून दुसऱ्याला २५६, त्याआधीच्याला २५६ गुणिले २५६, आणि पहिल्याला आणखी एकदा २५६ ने गुणून. १९२.१६८.१.१० साठी उत्तर ३२३२२३५७८६ यायला हवं. एवढं जुळलं की फॉर्म्युला खालपर्यंत ओढा.

क्रम लावायचा तर एफ कॉलमवर लावा. सॉर्ट करताना सगळे कॉलम निवडलेले आहेत ना ते पाहा, नाहीतर पत्ते एकीकडे आणि मशीनची नावं दुसरीकडे जातील. बी ते एफ रोज बघायचे नसतील तर ते ग्रुप करून मिटून ठेवा.

काही जण क्रम लागावा म्हणून पत्ताच १९२.१६८.०२०.०१० असा शून्यं भरून लिहितात. ही सवय लावून घेऊ नका. पुढे शून्य असलेला आकडा काही प्रोग्राम अष्टमान पद्धतीने (दहाऐवजी आठाच्या पटीत मोजून) वाचतात. विंडोजमध्ये शेवटी ०१० लिहून पिंग केलंत (मशीन उत्तर देतं का ते विचारलंत) तर ते ८ नंबरच्या मशीनला जातं, आणि तुम्ही भलत्याच मशीनचं उत्तर बघत बसता.

चौथी पायरी: तपासणी

क्रम लागला की एका जास्तीच्या कॉलममध्ये खालच्या ओळीचा आकडा वजा वरच्या ओळीचा आकडा काढा, म्हणजे तिसऱ्या ओळीत =एफ३-एफ२. उत्तर ० आलं तर तोच पत्ता दोनदा आहे. १ आलं तर पत्ते लागोपाठ आहेत. १ पेक्षा मोठं आलं तर मध्ये जागा मोकळी आहे. एवढ्या एका वजाबाकीतून यादीची सगळी प्रकृती कळते.

दुहेरी पत्ता क्षुल्लक समजू नका. खानापूरच्या शाखेत डीव्हीआर १० नंबरवर आहे आणि नव्या हजेरी मशीनलाही कुणीतरी १० देऊन टाकला, असं धरा. सकाळी हजेरी लागते आणि कॅमेरे मोबाइलवर दिसत नाहीत. मशीन बंद केलं की कॅमेरे परत येतात. डीव्हीआर बिघडला म्हणून तो खोलून बेळगावला आणला जातो, इथे टेबलावर तो व्यवस्थित चालतो. यादीत एफ कॉलम असता तर हे दोन ओळींत दिसलं असतं. काउंटइफ वापरून तपासायचं असेल तर तेही पत्त्याच्या ए कॉलमवर न करता एफवर करा, कारण पत्त्याच्या मागे राहिलेली एखादी मोकळी जागा दोन सारख्या पत्त्यांना वेगळं ठरवते.

त्या मोकळ्या जागांबद्दल थोडं. व्हॉट्सॲपवरून किंवा राउटरच्या पानावरून कॉपी केलेल्या पत्त्यांसोबत त्या येतात. साधी मोकळी जागा ट्रिमने जाते. वेबपानावरून येते ती मात्र कधी कधी वेगळ्या जातीची असते, तिचा अक्षर-क्रमांक १६०, आणि ट्रिमला ती दिसत नाही. फॉर्म्युल्यात चूक दाखवणारा सेल असेल आणि पत्ता तर बरोबर दिसत असेल, तर सब्स्टिट्यूटने कॅर(१६०) (इंग्रजीत सी-एच-ए-आर) काढून बघा. बहुतेक वेळा तेच निघतं.

बी ते ई मध्ये २५५ पेक्षा मोठा आकडा असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगने तो सेल लाल करा.

शोधताना आणखी एक खबरदारी. फाइंडमध्ये १९२.१६८.२०.१ टाकलं तर २०.१०, २०.११, २०.१०० हेही सापडतात, कारण त्यांच्यातही तीच अक्षरं आहेत. नुसतं बघायचं असेल तर चालतं, पण रिप्लेस ऑल केलंत तर सगळी यादी बदलेल. ऑप्शन्समध्ये जाऊन "मॅच एन्टायर सेल कंटेंट्स" वर खूण करा आणि मगच बदला. व्हीलूकअप वापरताना शेवटचा घटक फॉल्स द्यायचाच, तो सोडला तर एक्सेल जवळपासची ओळ उचलतं.

यादीत मोकळा दिसलेला पत्ता खरोखर मोकळा आहे का, हे नेटवर्कवर विचारल्याशिवाय नव्या मशीनला देऊ नका. पिंग करा. उत्तर नाही आलं तरी लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी -ए लिहून नेटवर्कवर सापडलेल्या मशीनची यादी बघा. फायरवॉलमुळे पिंगला उत्तर न देणारं मशीनही, ते त्याच नेटवर्कवर आणि चालू असेल तर, तिथे आपल्या मॅक ॲड्रेससह दिसतं.

मॅक, सीरियल नंबर आणि सीएसव्ही

मॅक ॲड्रेस बारा अक्षरांचा, ० ते ९ आणि इंग्रजी ए ते एफ. तो दोन-दोनच्या जोड्यांत, मध्ये आडवी रेघ किंवा कोलन देऊन लिहा. बाराही अक्षरं सलग लिहिली आणि ती सगळी आकडेच निघाली तर सुरुवातीची शून्यं जातात. मध्ये एकच ई असेल आणि बाकी आकडे असतील तर एक्सेल त्याला घातांकातला आकडा समजू शकतं आणि मूळ मॅक हातचा जातो. सीरियल नंबरचंही असंच: एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच नेमकं राहतं, सोळावा आकडा शून्य होतो. हे दोन्ही कॉलम टेक्स्ट करून ठेवा.

राउटर किंवा एनव्हीआरमधून (नेटवर्क कॅमेऱ्यांसाठीचा डीव्हीआर) काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. उघडतानाच वरची सगळी मोडतोड होते आणि सेव्ह केलं की ती कायमची. आधी रिकामं शीट उघडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आणा आणि त्या कॉलमांचा प्रकार टेक्स्ट निवडा.

मोबाइल फोनचे मॅक यादीत भरण्यात फारसा अर्थ नाही. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक देतात.

लीज लाइनचे पत्ते

कारखान्याने लीज लाइन (इंटरनेटची फक्त आपल्यासाठीची जोडणी) घेतली की इंटरनेट कंपनी सहसा पत्त्यांचा छोटा ब्लॉक देते, उदाहरणार्थ २०३.०.११३.८, मास्क २९. (हा पट्टा उदाहरणांसाठीच राखलेला आहे, कुणाचाही खरा पत्ता नाही.) ३२ वजा २९ म्हणजे ३, दोनचा तिसरा घात ८, म्हणून आठ पत्ते: ८ ते १५. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम निरोप देण्याचा), उरले ९ ते १४ हे सहा, आणि त्यांतला एक बहुतेक कंपनीच्या गेटवेला (बाहेर जाण्याच्या दाराला) जातो. एखादा पत्ता कुठल्या ब्लॉकमध्ये पडतो हे बघायला एफ कॉलमच्या आकड्याला ब्लॉकच्या आकाराने भागून पूर्णांक घ्या: =इंट(एफ२/८). ज्या पत्त्यांचं उत्तर सारखं, ते एका ब्लॉकमधले. मास्क २६ असेल तर ६४ ने भागा, २३ असेल तर ५१२ ने.

सहाव्या आवृत्तीचे लांबलचक पत्ते, ज्यांत कोलन असतात, त्यांना या पद्धतीने आकडा करायला जाऊ नका. ते एक्सेलच्या पंधरा आकड्यांत मावत नाहीत. लहान इंग्रजी अक्षरांत, टेक्स्ट म्हणून, वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

फाइल कुणाकडे द्यायची

या शीटमध्ये पासवर्डचा कॉलम करू नका. एखादी व्यक्ती फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतेच, आणि तिथून ती कुठे जाईल सांगता येत नाही. पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, शेऱ्यात फक्त तो कुणाकडे आहे ते लिहा. शीटची मूळ प्रत एकच असावी आणि बदल करण्याची परवानगी एक-दोघांनाच. बाकीच्यांना फक्त बघता यावी.

दर शाखेच्या ओळी फिल्टर करून त्यांची छापील प्रत त्या शाखेच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवा, वर छापल्याची तारीख घाला. नेटवर्क बंद असताना गूगल शीट उघडत नाही. आणि मशीन बदलून निघताना त्या कागदावर पेनाने खाडाखोड करून जागेवरच नोंद करा, फाइलमध्ये ती संध्याकाळी कचेरीत पोचल्यावर चढवा.